एका गुन्ह्याला किती मापं?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक घरभाड्याची, पोटगीची, नाहीतर सात-बाराच्या उताऱ्यावर नाव लावून घेण्याची असतात. गेल्या पंधरवड्यात मात्र एका भगिनीचं चांगलं आठ पानी पत्र आलं. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. ती मी पाळणारच. कायद्यानंही ते पाळलंच पाहिजे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा:

"माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आमच्याच आळीत एक गृहस्थ गणिताची शिकवणी घेतात. दिवाळीनंतर शिकवणीचं नाव काढलं की पोरगा रडायचा, ताटावरून उठायचा. मला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा. शेवटी एका रात्री त्यानं सगळं सांगितलं. काय सांगितलं ते मला लिहवत नाही. ह्यांना सांगितलं तर हे गप्पच झाले. मोठे भावजी म्हणाले, 'पोरगा आहे, त्याचं काय जातंय? मुलगी असती तर गोष्ट वेगळी.' सासूबाई म्हणतात, चार दिवसांनी विसरेल. जाऊबाईंच्या माहेरचे एकजण कोर्टात कारकून आहेत. ते म्हणतात की हे सगळे कायदे बायकांसाठी केलेले आहेत, मुलाच्या बाबतीत झाली तर चार-सहा महिन्यांची शिक्षा होईल, उगाच बोभाटा कशाला? ताई, मुलाच्या आणि मुलीच्या दुःखाचं माप खरंच वेगळं असतं का हो?"

पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. प्रश्न एका आईचा असला तरी तो आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. म्हणून या वेळी नेहमीची पाच-सहा पत्रं बाजूला ठेवून याच विषयावर सविस्तर लिहिते आहे.

आधी उत्तर, मग चर्चा

बाई गं, त्या कारकुनांचं ऐकू नकोस. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कायद्याचं माप एकच आहे. मुलगा असो की मुलगी, शिक्षेत एका दिवसाचाही फरक नाही.

हा कायदा म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम. वर्तमानपत्रात त्याला 'पॉक्सो' म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून, तो लागू झाला. त्यात 'मुलगी' किंवा 'स्त्री' असा शब्द न घालता 'बालक' असा शब्द घातला आहे, आणि बालक म्हणजे अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती.

तुमचा मुलगा बारा वर्षांच्या आतला आहे. शिवाय शिकवणीचे मास्तर म्हणजे मुलावर अधिकार चालवणारा, विश्वासातला माणूस. या दोन्ही गोष्टींनी गुन्हा अधिक गंभीर ठरतो. अंगाला वाईट हेतूनं हात लावण्यापर्यंत प्रकार असेल, तर कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त सात वर्षं सक्तमजुरी किंवा साधी कैद होऊ शकते. प्रकार त्याहून पुढचा, म्हणजे शरीरात प्रवेशाचा असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी वीस वर्षं आहेत, आणि ती शिक्षा जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाऊ शकते. चार-सहा महिन्यांची गोष्ट कुठे आणि ही कुठे!

मग लोक असं का बोलतात?

कारण फार जुनं नाही. २०१२ पर्यंत ते खरंच होतं.

आपली भारतीय दंड संहिता १८६० सालची, इंग्रजांनी केलेली. तिच्यात बलात्कार म्हणजे पुरुषानं स्त्रीवर केलेला गुन्हा, एवढंच होतं. मुलग्यावर अत्याचार झाला तर ३७७ कलम लावायचं. त्या कलमाची भाषाच अशी की त्यात मुलाच्या इच्छेचा, वयाचा, दुःखाचा विचारच नव्हता, 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' कृत्य झालं का एवढंच बघायचं. जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती हे खरं, पण कमीत कमी किती द्यायची याला काही बंधन नव्हतं. उलट १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा बारा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत किमान दहा वर्षं ठरवली गेली. म्हणजे एकाच आळीतल्या, एकाच वयाच्या, एकाच माणसाच्या हाती सापडलेल्या मुलीला आणि मुलाला कायदा दोन मापांनी मोजत होता.

नुसत्या हात लावण्याच्या प्रकाराची तर त्याहून गंमत. गंमत कसली, दुर्दैवच. मुलगी असेल तर विनयभंगाचं ३५४ कलम होतं, त्यात त्या काळी जास्तीत जास्त दोन वर्षं. मुलगा असेल तर असं कलमच नव्हतं. 'विनय' फक्त स्त्रीला असतो, अशी कायद्याची समजूत!

२००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या मुलांची पाहणी करून एक मोठा अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं होतं. आणि अशा मुलांमध्ये मुलगे निम्म्यापेक्षा थोडे जास्तच निघाले. मुलग्यांना काही होत नाही, ही आपली समजूत किती पोकळ आहे, ते या आकड्यानं दाखवून दिलं. पाच वर्षांनी नवा कायदा आला आणि मुलांपुरतं तरी माप एक झालं.

मोठ्यांचं काय?

इथे मात्र मला हात आखडता घेऊन लिहावं लागतं. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नाव नवं, कलमांचे आकडे नवे, पण मापं अजून वेगवेगळीच आहेत. एकच जबरदस्ती वेगवेगळ्या माणसांवर झाली असं समजा आणि काट्यावर ठेवून बघा:

परक्या पुरुषानं सज्ञान स्त्रीवर केली, तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्यानं केली, तर दोन ते सात वर्षं.

एकत्र राहणाऱ्या, अठरा वर्षांपुढच्या बायकोवर नवऱ्यानं केली, तर कायद्याच्या लेखी तो बलात्कारच नाही.

तृतीयपंथी व्यक्तीवर केली, तर तिच्यासाठी केलेल्या २०१९ च्या खास कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं.

सज्ञान पुरुषावर केली, तर त्यासाठी वेगळं कलमच नाही. दुखापत केली, डांबून ठेवलं, धमकी दिली, अशी इकडची तिकडची कलमं गोळा करायची.

शेवटची गोष्ट कशी झाली तेही सांगते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून दोन सज्ञानांचा राजीखुशीचा संबंध बाहेर काढला. ते योग्यच झालं. जबरदस्तीपुरतं कलम मात्र शिल्लक ठेवलं होतं. नवी संहिता करताना ते अख्खं कलमच गळलं. संसदेच्या स्थायी समितीनं २०२३ मध्ये, जबरदस्तीपुरतं तरी ते ठेवा, असं सुचवलं होतं, पण ते झालं नाही. घर बदलताना जुनं फडताळ टाकून द्यावं आणि त्यात एक औषधाची बाटली होती हे नंतर आठवावं, तसं झालं म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना एकच कलम का लावत नाहीत? हा प्रयत्न झालेला आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली होती. अत्याचार सोसणारी व्यक्ती स्त्री, पुरुष किंवा तृतीयपंथी कोणीही असू शकते हे कायद्यानं मानावं, असं समितीनं सांगितलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारनं वटहुकूम काढला, त्यात पुढे जाऊन आरोपीसुद्धा कोणीही असू शकेल असं केलं. त्यावर अनेक स्त्री-संघटनांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी फिर्याद ठोकून तिचं तोंड बंद करायला हे आयतं हत्यार होईल. शेवटी एप्रिलमध्ये कायदा झाला तो जुन्याच वळणावर: आरोपी पुरुष, सोसणारी स्त्री.

माझं मत विचाराल तर संघटनांची भीती अगदीच खोटी नव्हती. पोलीस ठाण्यात बाईची काय गत होते हे मी या धंद्यात राहून पाहते. पण ती भीती होती 'आरोपी कोण' याबद्दल. 'सोसलं कोणी' या प्रश्नाला तिचा अडसर नव्हता. वर्मा समितीनं नेमका हाच फरक केला होता. तो ऐकला असता तर आज सज्ञान मुलग्याच्या आईला मला असं निरुत्तर होऊन लिहावं लागलं नसतं.

गुन्हेगार बाई असली तर?

हाही प्रश्न मला नेहमी विचारतात, तोही थोडा कुत्सितपणे. 'बाईला कोर्ट सोडून देतं ना हो?'

२००६ चा मध्य प्रदेशातला एक खटला सांगते. क्रीडास्पर्धेहून एक मुलगी रेल्वेनं परत येत होती. स्टेशनवर एक ओळखीचा माणूस भेटला. तुझ्या वडिलांनी घ्यायला पाठवलंय म्हणून तिला घरी घेऊन गेला आणि तिच्यावर अत्याचार केला. तेवढ्यात त्याची बायको तिथे आली. मुलीनं तिच्याकडे गयावया केली. बाईनं काय करावं? मुलीच्या थोबाडीत मारली, दार लावून घेतलं आणि निघून गेली! असा त्या बाईवरचा आरोप होता. तिच्यावर सामूहिक बलात्काराचं कलम लावलं गेलं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या व्याख्येप्रमाणे स्त्री बलात्कार करू शकत नाही, म्हणून सामूहिक बलात्काराचा आरोपही तिच्यावर ठेवता येणार नाही. गुन्ह्याला साथ दिली म्हणून आरोप ठेवता येतो का, ते खालच्या कोर्टानं बघावं.

यावरून 'बाई सुटली' असा अर्थ काढू नका. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला, मदत करणाऱ्याला, गुन्हा घडला असेल तर मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. फक्त पोलिसांनी योग्य कलम लावायला हवं. चुकीचं कलम लावलं की चांगला खटलाही पाण्यात जातो.

मुलांच्या बाबतीत तर ही अडचणही आता कमी होते आहे. पॉक्सोच्या एका कलमात गुन्हा करणाऱ्यासाठी इंग्रजीत पुल्लिंगी सर्वनाम आहे. त्याचा आधार घेऊन एका स्त्री-आरोपीनं दिल्ली हायकोर्टात बचाव मांडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टानं तो फेटाळला आणि या कायद्याखाली स्त्रीवरही गंभीर आरोप ठेवता येतो असं सांगितलं. तेव्हा शिकवणीचे मास्तर असोत की बाई, माप एकच.

जामिनाच्या वेळी मात्र बाई, लहान मूल आणि आजारी माणूस यांच्याकडे कोर्टानं थोडं सौम्यपणे बघावं अशी कायद्यात सवलत आहे, हे खरं. जामीन म्हणजे सुटका नव्हे. पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात आणि 'सोडून दिलं' असं म्हणत फिरतात.

काटा कोणाच्या हातात?

कायद्यात लिहिलेलं माप एक, आणि प्रत्यक्ष तोलून मिळतं ते दुसरं. वाण्याच्या दुकानात आपण काट्याकडे नजर ठेवतो की नाही? कोर्टाच्या काट्याकडेही ठेवायला हवी.

आपल्या महाराष्ट्रातला मथुरा खटला तुमच्यापैकी वयस्क वाचकांना आठवत असेल. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची ती फिर्याद. सेशन्स कोर्टानं मुलीलाच खोटारडी ठरवून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांनाही निर्दोष सोडलं, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ ची दुरुस्ती झाली ती यातूनच. किमान सात वर्षं, आणि पोलिसासारख्या अधिकाऱ्यानं कोठडीत किंवा आपल्या अधिकारात केलं असेल तर किमान दहा.

पण त्या दुरुस्तीत एक खिडकी उघडी राहिली. 'पुरेशी आणि खास कारणं' असतील तर न्यायाधीश किमान शिक्षेच्याही खाली जाऊ शकत होते. आता ही खास कारणं कोणती? आरोपी तरुण आहे, त्याला बायकापोरं आहेत, त्याची नोकरी जाईल, दोघांत तडजोड झाली आहे. आणि सगळ्यांत टोचणारं कारण म्हणजे मुलीची वागणूक. १९८९ मध्ये हरियाणातल्या दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टानं पाच वर्षांवर आणली, त्यात पीडितेच्या वागणुकीचा उल्लेख होता. मोठी ओरड झाली. फेरविचाराच्या वेळी कोर्टानं खुलासा केला की वागणूक म्हणजे चारित्र्य नव्हे, तिनं काही दिवस कोणाला सांगितलं नाही, एवढ्यापुरतंच ते होतं. शिक्षा मात्र पाचच राहिली. आता सांगा, कोणती मुलगी असं घडल्याबरोबर गावभर सांगत सुटेल?

ती खिडकी २०१३ मध्ये बंद झाली. किमान म्हणजे किमान. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं की तडजोड झाली म्हणून बलात्काराची शिक्षा कमी करता येणार नाही. २०१८ मध्ये किमान सातची दहा वर्षं झाली.

खिडकी बंद झाली तरी वारा फटीतून येतोच. किमान शिक्षा मोठी असली की गुन्हाच लहान कलमात बसवायचा मोह होतो. नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल आठवा. पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेणाऱ्याला खालच्या कोर्टानं पॉक्सोखाली तीन वर्षं दिली होती. हायकोर्टानं म्हटलं की त्वचेला त्वचा लागली नाही, मधे कपडा होता, म्हणून तो कायदा लागू नाही, आणि विनयभंगाची एक वर्षाची शिक्षा ठेवली. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती एक स्त्री होत्या. बाई न्यायासनावर बसली की माप आपोआप सरळ होतं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि तीन वर्षं कायम केली. हेतू बघायचा, कपडा नव्हे.

आणि मुलग्याचा खटला हवा असेल तर तोही घ्या. उत्तर प्रदेशात सुमारे दहा वर्षांच्या मुलावर एका माणसानं अत्याचार केला आणि गप्प बसायला हातावर वीस रुपये ठेवले. खालच्या कोर्टानं दहा वर्षं दिली. २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं हा अधिक गंभीर गुन्हा नाही म्हणून सात वर्षं केली. जुलै २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा दहा केली. मूल बारा वर्षांखालचं आहे एवढं पुरेसं आहे, आणि किमानच्या खाली जायची मुभा न्यायालयाला नाही, असं सांगितलं. कारकूनसाहेबांना हा निकाल जरूर दाखवा.

या दोन्ही निकालांतून मी एक धडा घेतला. शिक्षेचा आकडा मोठा केला म्हणजे न्याय मोठा होतोच असं नाही. काटा धरणाऱ्याचा हात, तपास करणाऱ्याचा कागद आणि साक्षीदाराची जीभ, तिन्ही सरळ असावी लागतात.

घरातलं माप

आणि साक्षीदार कुठे तयार होतो? घरात. 'पोरगा आहे, त्याचं काय जातंय' असं म्हणणारा दीर आणि 'पोरगी आहे, आता तिचं कसं होणार' असं म्हणणारा दीर, दोघं एकाच तागडीनं मोजतात. त्यांच्या लेखी मोजायची असते ती घराण्याची अब्रू. मुलाला काय झालं, ते दोघंही विचारत नाहीत. मुलीच्या बाबतीत अब्रू जाते म्हणून गप्प बसायचं, मुलाच्या बाबतीत अब्रू जात नाही म्हणून गप्प बसायचं. निकाल एकच.

तेव्हा घरातल्या मोठ्यांना शांतपणे सांगा की पोराला भीती वाटते आहे, त्याला लाज वाटते आहे, आणि आपण गप्प बसलो तर तो असं समजेल की चूक त्याचीच होती. त्याच मास्तरांकडे आळीतली आणखी पाच-सहा मुलं जातात, हेही सांगा. आणि शेवटी हेही सांगा की असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे. पॉक्सोखाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बोभाट्याची भीती घालणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडते.

आता काय करायचं?

१. मुलाचं म्हणणं एकदा नीट ऐकून घ्या आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका, शब्द सुचवू नका. 'तू ओरडला का नाहीस?' हे तर चुकूनही विचारू नका.

२. प्रकार ताजा असेल तर त्या वेळचे कपडे धुवायला टाकू नका. पूर्ण वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून खराब होतात. प्रकार जुना असला तरी फिर्याद देता येते. उशीर का झाला ते खरं खरं सांगा.

३. फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

४. मुलाचा जबाब घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा असतो. शक्यतो महिला फौजदारानं घ्यावा, आणि पोलिसांनी गणवेशात येऊ नये. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

५. सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं अशा मुलावर ताबडतोब आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत. तपासणीच्या वेळी आईनं किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसानं जवळ असावं.

६. खटला खास न्यायालयात, बंद दाराआड चालतो. मुलाला आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था असते. उलटतपासणीत मुलाला अपमानकारक प्रश्न विचारता येत नाहीत. साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात पुरा करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा मनाची तयारी ठेवा.

७. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्यात अत्याचार सोसलेल्या बालकांना आर्थिक साहाय्य मिळतं. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर तिथेच विनामूल्य वकीलही मिळतो.

८. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही जाऊ देऊ नका. नातेवाइकांच्या मोबाईलवरच्या गटात तर मुळीच नको.

थोडक्यात उत्तरे

सौ. अ. ब., जि. सातारा: मुलीनं तक्रार मागे घेऊन त्याच माणसाशी लग्न करावं, असं गावातल्या मंडळींनी ठरवलं तरी कायद्यानं गुन्हा मिटत नाही आणि शिक्षाही कमी होत नाही. हा गुन्हा तडजोडीचा नाही. मुलीची इच्छा काय आहे, हे एकांतात, तुम्ही स्वतः विचारा.

एक आजी, नागपूर: होय, २०२० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टानं एका आरोपीला जामीन देताना, तक्रार करणाऱ्या बाईकडून राखी बांधून घे, अशी अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली आणि अशा अटी घालू नका असं सगळ्या न्यायाधीशांना बजावलं. तुमचा संताप अगदी रास्त आहे.

कु. म., कोल्हापूर: तपासणीच्या नावाखाली मुलीच्या पूर्वीच्या संबंधांचा शोध घेणारी ती दोन बोटांची चाचणी आता करता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. तुम्ही स्पष्ट नकार द्या आणि तो लिहून घ्यायला सांगा.

पुढच्या आठवड्यात, पुष्कळ वाचकांच्या आग्रहावरून, वारसाच्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात ते पाहू. पत्रं पाठवताना गावाचं नाव नसलं तरी चालेल, पण मुलाचं वय आणि घटना कधीची, हे मात्र अवश्य लिहा. कोणतं माप लागू होतं ते बरंचसं त्यावरून ठरतं.